सल्ला पोहोचला, पण प्रश्न परत आला का? सामुदायिक रेडिओ आणि आपला जिल्हा

मागच्या आठवड्यात तुमच्या मोबाइलवर शेतीचे किती सल्ले आले, एकदा मोजून पाहा. बियाणे कंपनीचा संदेश, कृषी सेवा केंद्राच्या व्हॉट्सॲप गटावरची फवारणीची जाहिरात, एकरी विक्रमी कांद्याची हमी देणारा व्हिडिओ, हवामानाचा अंदाज आणि कुणीतरी पुढे ढकललेला जुनाच बाजारभाव. आता दुसरी मोजणी करा. यातल्या किती जणांनी तुम्हाला उलट विचारले, की दादा, ताई, तुमची जमीन कशी आहे, विहिरीला पाणी किती आहे, मागच्या वेळी सांगितलेले औषध लागू पडले का?

पहिला आकडा मोठा आणि दुसरा जवळपास शून्य, असेच बहुतेकांचे उत्तर येईल. विस्ताराचे काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना हे मान्य करायला जड जाते, पण सल्ल्याचा तुटवडा आता राहिलेला नाही. तुटवडा आहे तो सल्ला देणाऱ्यापर्यंत प्रश्न परत नेणाऱ्या वाटेचा. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. त्याच्या सव्वा वर्ष आधी, फेब्रुवारी 2024 मध्ये, केंद्र सरकारने सामुदायिक रेडिओचे नियम सुधारले. पहिल्या निर्णयावर गावोगाव चर्चा झाली, दुसऱ्याचा शेतीच्या वर्तुळात फारसा उल्लेखही झाला नाही. मला दुसरा निर्णय आपल्या जिल्ह्यासाठी दुर्लक्ष करण्यासारखा वाटत नाही. त्याचे कारण सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्यात झालेल्या एका प्रयोगात आहे.

1956 चा प्रयोग आणि त्यातले तीन गट

तेव्हा महाराष्ट्र राज्य झालेले नव्हते. मुंबई राज्यातल्या पाच मराठी जिल्ह्यांत, म्हणजे पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर येथे, आकाशवाणीने युनेस्कोच्या मदतीने 1956 च्या फेब्रुवारी ते एप्रिलदरम्यान एक प्रयोग केला. दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन केली. एका मंडळात साधारण वीस माणसे, त्यांचा एक अध्यक्ष आणि एक संयोजक. पुणे केंद्रावरून आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की संच बंद करायचा आणि त्याच जागी बसून चर्चा करायची. आपल्या गावाला यातले काय जमेल, काय पटले नाही, कोणती अडचण आहे, हे ठरवायचे. संयोजकाने ते लिहून पुण्याला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमांत त्या प्रश्नांना उत्तरे मिळायची. कल्पना कॅनडाची होती. तिथे 1941 पासून शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळे चालत होती.

मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसकडे होते. पुढे जे. सी. माथूर आणि पॉल न्यूराथ यांच्या नावाने युनेस्कोने 1959 मध्ये अहवाल छापला. विस्तार शिक्षणाच्या अभ्यासात या अहवालाचा उल्लेख येतो, आम्हीही परीक्षेपुरता तो पाठ केला होता. त्याची मांडणी किती नेटकी आहे हे मला बऱ्याच उशिरा कळले. आपण प्रात्यक्षिक प्लॉट घालतो तेव्हा शेजारी एक प्लॉट उपचाराविना ठेवतो. इथेही तसेच केले होते. एका गटातल्या गावांत रेडिओ होता आणि मंडळही होते. दुसऱ्या गटात रेडिओ होता, मंडळ नव्हते. तिसऱ्या गटात रेडिओच नव्हता. प्रसारणाआधी आणि नंतर लोकांना तेच प्रश्न विचारून त्यांची माहिती किती वाढली ते पाहिले.

मंडळ असलेल्या गावांत माहितीत मोठी वाढ दिसली. रेडिओ नसलेल्या गावांत ती नगण्य होती, यात नवल नाही. मात्र रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांतही वाढ फार थोडी होती. संच तोच, कार्यक्रम तोच, मराठी तीच. फरक एवढाच, की तिथे ऐकल्यावर कुणी एकत्र बसले नाही आणि कुणाचा प्रश्न पुण्याला गेला नाही. मंडळांच्या गावांनी नुसती माहिती घेतली असेही नाही. विहिरी खोदणे, जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणणे, विक्री संस्था काढणे, बालवाडी सुरू करणे असे ठराव त्यांनी केले आणि कित्येक तडीसही नेले.

हा निकाल मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा मला आपले व्हॉट्सॲप गट आठवतात. दोनशे छपन्न जणांच्या गटात सल्ला टाकायचा आणि 'माहिती पोहोचली' असा अहवाल वर पाठवायचा, म्हणजे 1956 च्या त्या दुसऱ्या गटातले गाव पुन्हा तयार करायचे.

पुढे 1959 पासून ही मंडळे देशभर पसरली, हजारोंनी वाढली आणि मग विरत गेली. मोठ्या योजनेत संच दुरुस्त कोण करणार, संयोजकाला कोण विचारणार आणि गावाकडून आलेल्या पत्राला उत्तर कोण देणार, ही कामे कुणाचीच राहत नाहीत. दहा आठवडे ती मन लावून करता येतात. दहा वर्षे करायची तर केंद्र गावाच्या जवळ हवे.

लहान केंद्राला परवानगी कशी मिळाली

जवळचे केंद्र तेव्हा शक्य नव्हते, कारण प्रसारणाचा अधिकार फक्त सरकारकडे होता. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला, की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तो लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता, पण त्याचा फायदा पुढे शेतकऱ्यांना झाला. 2002 च्या धोरणात फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली. नोव्हेंबर 2006 मध्ये ती स्वयंसेवी संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि कृषी विद्यापीठांनाही खुली झाली. 15 ऑक्टोबर 2008 रोजी झहीराबादजवळच्या माचनूर गावी दलित शेतकरी महिलांचे संगम रेडिओ केंद्र सुरू झाले, तेव्हा उद्घाटनाला न्यायमूर्ती सावंत स्वतः गेले होते. तिथे ज्वारी, कडधान्ये आणि घरचे बियाणे यांवर बायका आपल्या बोलीत बोलतात, यंत्रेही त्याच चालवतात.

आपल्याकडे नगर शहरात स्नेहालय संस्थेचे रेडिओ नगर 90.4 आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची शारदा कृषी वाहिनी 90.8 वर आहे, तर साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग. आकाशवाणीचे आपले 100.1 वरचे केंद्र या सगळ्यांहून मोठे आणि जुन्या सवयीचे आहे. त्याचे महत्त्व मी कमी लेखत नाही.

सामुदायिक केंद्राची ताकद किती, हे मात्र आधीच समजून घ्या, म्हणजे नंतर निराशा होणार नाही. नियमाने साधारण 100 वॉटची मर्यादा आहे. जमीन सपाट असेल तर आवाज दहा-बारा किलोमीटरपर्यंत जातो. बारा किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले तर क्षेत्र होते साडेचारशे चौरस किलोमीटर. आपल्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ 17,048 चौरस किलोमीटर. म्हणजे एक केंद्र जिल्ह्याच्या तीन टक्के भागालाही पुरत नाही. अकोल्याच्या डोंगरात तर त्याहून कमी. कुणी 'जिल्ह्याचा सामुदायिक रेडिओ' म्हणाले तर समजा, की त्याला एक तर जिल्हा माहीत नाही किंवा रेडिओ.

पण शेतीच्या दृष्टीने हीच मर्यादा कामाची आहे. बारा किलोमीटरच्या आत जमीन, पाऊस, पिके आणि बाजार साधारण एकसारखे असतात. राहुरीच्या कालव्याखालच्या उसाला आणि पाथर्डीच्या माळावरच्या बाजरीला एकच सल्ला देण्याची वेळ येत नाही. आणि बोलणारा चुकला तर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याला गाठता येते.

माझी अडीच ग्रॅमची चूक

मलाही असेच गाठले होते. काही वर्षांपूर्वी एका केंद्रावर मी रब्बी कांद्याच्या करप्यावर बोललो. मॅन्कोझेब अडीच ग्रॅम प्रति लिटर, सोबत स्टिकर, कारण कांद्याची पात मेणचट असते, थेंब घसरून जातो. बोलून झाले आणि मी विसरलो. दोन आठवड्यांनी कार्यक्रमात फोन आला. पलीकडे एक आवाज नव्हता, मागे चार-पाच जण बोलत होते. "साहेब, तुमचं औषध काय लागू पडंना." मी वाण, लागणीची तारीख, पाऊस सगळे विचारले. मग मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अरे, पंपाला किती टाकलं ते सांग की त्यांना." त्यांनी अडीच ग्रॅम टाकले होते. पंधरा लिटरच्या पंपाला अडीच ग्रॅम.

चूक त्यांची नव्हती. शेतकरी पंप मोजतो, लिटर आम्ही मोजतो. पंधरा लिटरच्या पंपाला 37 ते 38 ग्रॅम असे मी सांगायला हवे होते, आणि हातात वीस लिटरचा बॅटरी पंप असेल तर 50 ग्रॅम. तेव्हापासून रेडिओवर मी लिटरचे माप एकटे कधी सांगत नाही. इथे तुम्हालाही सांगतो, औषध कोणतेही असो, डब्यावरचे लेबल आणि पिकासाठीची शिफारस आधी पाहा, मग आपल्या पंपाचे लिटर मोजून गुणाकार करा.

तो फोन आला नसता तर त्या वाडीवर 'रेडिओवाल्याचं औषध चालत नाही' एवढेच पक्के झाले असते आणि मी तोच सल्ला आणखी चार वर्षे दिला असता. पाच जण एकत्र ऐकत होते, त्यांच्यात वाद झाला आणि वादातून प्रश्न निघाला, म्हणून चूक सापडली. एकटा ऐकणारा माणूस बहुतेक वेळा फोन करत नाही, सल्ला सोडून देतो.

पाणी सुटते तेव्हा

सामुदायिक रेडिओविषयी लिहिणारे विकास आणि संस्कृतीबरोबर शांततेचेही नाव घेतात. आपल्याला तो शब्द दूरदेशीचा वाटतो. पण या जिल्ह्यात शांततेचा प्रश्न पाऊस कमी पडलेल्या वर्षी ऑक्टोबरात येतो.

15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे, हे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालावरून आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशावरून आले. 2023 साली पाऊस दगा देऊन गेला. 30 ऑक्टोबरला 8.603 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला. त्यात मुळा समूहातून 2.10, प्रवरा समूहातून म्हणजे भंडारदरा-निळवंडे वगैरेंतून 3.36, गोदावरी-दारणा समूहातून 2.643 आणि गंगापूर समूहातून 0.50. मग मोर्चे, रास्ता रोको, न्यायालय. पाणी सुटते तेव्हा नदीकाठच्या मोटारींची वीज तोडली जाते, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात. ज्याचा ऊस काठावर उभा आहे त्याला हे पाणी डोळ्यांदेखत जाताना पाहावे लागते. पैठणच्या खालच्या शेतकऱ्याला वाटते, वरच्यांनी आपले पाणी अडवून ठेवले. 2024 आणि 2025 मध्ये जायकवाडी भरले म्हणून हा वाद मिटल्यासारखा दिसतो. तो मिटलेला नाही, पुढच्या कमी पावसाच्या वर्षाची वाट पाहतो आहे.

यात एक गोष्ट बाहेर फारशी कुणी बोलत नाही. 'नगर विरुद्ध मराठवाडा' असे म्हणतात, पण जायकवाडीच्या फुगवट्यात आपल्याच नेवासा आणि शेवगावच्या जमिनी गेल्या, आणि तिथले शेतकरी आज त्याच जलाशयातून पाणी उचलतात. निळवंड्याच्या लाभक्षेत्रातल्या माणसाचे आणि शेवगावच्या फुगवट्यावरच्या माणसाचे हित एकाच जिल्ह्यात राहून वेगळे आहे. हे दोघे एकमेकांशी कधी बोलतात? सभेत नाही, तिथे पुढारी बोलतात. मोबाइलवर नाही, तिथे 'रात्रीतून इतके टीएमसी सोडले' असे आकडे फिरतात, आणि ते खोडून काढायला तिथे कुणी हजर नसतो.

सामुदायिक केंद्राला स्वतःच्या बातम्या आणि राजकीय कार्यक्रम देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या तेवढ्या देता येतात. हा नियम मला जाचक वाटतो, पण त्यातही वाट आहे. पाणीपुरवठा, वीज, हवामान, नैसर्गिक आपत्ती यांविषयी स्थानिक प्रशासनाने दिलेली सूचना बातमी धरली जात नाही. म्हणजे विसर्ग किती वाजता वाढणार, कोणत्या गावाजवळ पाणी कधी पोहोचेल, वीज कोणत्या वेळेत बंद, कालव्याचे आवर्तन टेलपर्यंत गेले का, हे सांगता येते. सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीत पाथर्डी-शेवगाव भागात अशाच साध्या माहितीची गरज होती. वीज गेली की मोबाइल दुसऱ्या दिवशी बंद पडतो, दोन सेलवरचा रेडिओ चालत राहतो. हवामानाचा इशारा मुंबई-पुण्याहून येतो, पण 'ओढ्यापलीकडची जनावरं आजच अलीकडे आणा' हे त्या ओढ्याचे नाव माहीत असलेल्यानेच सांगावे लागते.

आणि आदेशाचे राजकारण बाजूला ठेवून निळवंड्याच्या आणि फुगवट्याच्या दोन शेतकऱ्यांनी आपापल्या पिकाचा हिशेब मांडला, किती पाळ्या लागतात, किती मिळाल्या, उसाऐवजी काय लावून पाहिले, तर तो शेतीचाच कार्यक्रम झाला. हिवरे बाजारमध्ये पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि त्यावरून पुढची पिके ठरवतात. असे दहा गावांचे ताळेबंद एका केंद्रावरून वाचले गेले तर शेजारच्या गावाने बोअर किती घेतले हे सगळ्यांना ऐकू येईल. थोडी भांडणेही होतील. ती रेडिओवर झालेली मला चालतील.

रेडिओ म्हणजे आपोआप चांगले नव्हे

इथे एक सावधगिरी. 1994 मध्ये रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, आणि त्या हत्याकांडाला चिथावणी देण्यात एका खासगी रेडिओ केंद्राचा मोठा हात होता. ते केंद्र लोकांच्या बोलीत बोलत होते, लोकप्रिय गाणी लावत होते आणि श्रोत्यांचे फोनही घेत होते. म्हणजे प्रश्न परत येण्याची वाट मी वर एवढी वाखाणली, ती तिथेही होती. मग फरक कुठे पडतो? केंद्र कुणाच्या मालकीचे आहे आणि चुकल्यावर त्याला कोण जाब विचारतो, इथे. आपल्या नियमांत राजकीय पक्ष, त्यांच्या संलग्न संस्था, एकट्या व्यक्ती आणि नफ्यासाठीच्या संस्था यांना परवानगी नाही. प्रत्येक केंद्राला सल्लागार व कार्यक्रम समिती लागते आणि 2024 च्या सुधारणेनुसार तिच्यात निम्म्या महिला असणे बंधनकारक आहे. कागदावर हे चांगले आहे. तुमच्या जवळच्या केंद्राच्या समितीत तुमच्या ओळखीचे कोण आहे, हे विचारून पाहा. उत्तर मिळाले नाही तर समिती कागदावरच आहे असे समजा.

जाहिरातीची बारा मिनिटे

मला याहून जवळचा धोका वेगळा वाटतो. 2024 च्या नियमांनी तासाला 7 मिनिटांऐवजी 12 मिनिटे जाहिरातींना दिली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना 52 रुपयांवरून 74 रुपये केला. परवानगीची मुदतही पहिल्यांदा दहा वर्षांची झाली. केंद्र जगायचे तर हे हवेच होते. पण हिशेब करा. अर्ध्या मिनिटाची जाहिरात म्हणजे 222 रुपये. बाराही मिनिटे भरली तर तासाला 5,328. सरकारी जाहिरातींनी बारा मिनिटे रोज भरतील असे कुणीही केंद्रचालक म्हणणार नाही. मग उरलेली कोण भरणार? ग्रामीण भागात जाहिरातीला पैसा असलेला पहिला ग्राहक आहे निविष्ठांचा व्यापार. 'फुलगळ थांबवणारे', 'कांद्याला गोळी धरणारे', नावागावाचा पत्ता नसलेले टॉनिक.

सकाळी माझ्यासारखा कृषितज्ज्ञ सांगणार, की माती परीक्षणाशिवाय खत टाकू नका, आणि पाच मिनिटांनी त्याच आवाजात बाटलीची जाहिरात होणार. श्रोत्याने यातले काय घ्यायचे? माझे मत स्पष्ट आहे. पीक सल्ल्याच्या तासात निविष्ठांची जाहिरात नको, आणि प्रायोजित कार्यक्रमाच्या सुरुवातीला व शेवटी प्रायोजकाचे नाव सांगितलेच पाहिजे. बँक, दूध संघ, बाजार समिती, सूक्ष्म सिंचनाची योजना यांच्या जाहिराती घ्या. पैसे कमी येतील. तरी कृषी विज्ञान केंद्राने चालवलेल्या रेडिओला तरी एवढे परवडले पाहिजे.

गाणे आणि बियाणे

संस्कृतीविषयी थोडेच लिहितो, कारण तो माझा विषय नाही. पण अकोल्यात काळभात, जिरवेल अशा भाताच्या जाती आणि वालाचे कितीतरी प्रकार टिकले, ते महादेव कोळी आणि ठाकर बायकांच्या आठवणीमुळे. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 चा पद्मश्री सन्मान मिळाला, तो याच ठेव्यासाठी. त्यांच्या वयाच्या कितीतरी बायकांकडे असे ज्ञान आहे आणि ते प्रमाण मराठीतल्या प्रश्नावलीत उतरत नाही. कोणता वाल कोणत्या उतारावर, कोणत्या सणाच्या आसपास पेरायचा, हे त्या त्यांच्याच शब्दांत सांगतात. पोरगी समोर माइक धरून बसली आणि आजी पेरणीच्या गाण्यापासून बोलायला लागली, की त्यात लागवडीची तारीख, अंतर आणि चवीचा फरक सगळे येते. ते जपून ठेवा. दहा वर्षांनी एखादा पैदासकार त्याच ध्वनिमुद्रणासाठी तुमच्याकडे येईल.

या खरिपात काय करता येईल

केंद्र काढा असा सल्ला मी सरसकट देणार नाही. मनोरा आणि प्रक्षेपक एकदा घेता येतो. पण रोज आठ-दहा तास कार्यक्रम भरणारी माणसे आणि त्यांचा पगार महिन्याच्या महिन्याला लागतो. ज्या कृषी विज्ञान केंद्राकडे किंवा संस्थेकडे दोन माणसे कायमची देण्याची तयारी नाही, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

मंडळ मात्र कुठेही काढता येते. तुमच्या गावात सामुदायिक केंद्राचा आवाज येत नसेल तर आकाशवाणीचा शेतीचा कार्यक्रम घ्या, तोही जमत नसेल तर केंद्राचे ध्वनिमुद्रण मोबाइलवर घ्या. दहा ते पंधरा जण पुरेत, त्यात चार-पाच बायका असाव्यात, कारण कांद्याची लागण, खुरपणी आणि काढणी त्याच करतात आणि रोग पहिल्यांदा त्यांनाच दिसतो. आठवड्यातून एक दिवस, दूध घालून आल्यावरची वेळ. अर्धा तास ऐका, अर्धा तास बोला. एकाने लिहून घ्यावे, काय करून पाहायचे ठरले, कुणाच्या किती गुंठ्यांवर, आणि कोणता प्रश्न सुटला नाही.

कृषी सहायकांना आणि विस्तारातल्या मित्रांना एक विनंती. ही वही महिन्यातून एकदा स्वतः वाचा. त्यातला न सुटलेला प्रश्न गावाच्या नावासह रेडिओ केंद्राला किंवा राहुरीच्या विद्यापीठाला कळवा आणि उत्तर आले की त्याच मंडळात जाऊन सांगा. उत्तर नसेल तर 'अजून नाही' हेही जाऊन सांगा. 1956 मध्ये संयोजकाचे पत्र पोस्टाने पुण्याला जायचे, तरी उत्तर यायचे. आपल्याकडे तर फोन आहे.

सुरुवात खरीप कांद्याच्या रोपवाटिकेपासून करा. गादीवाफ्याची उंची, बीजप्रक्रिया, मर आणि पावसात पाण्याचा निचरा, या चार गोष्टींवर प्रत्येक मंडळाकडे काहीतरी सांगण्यासारखे आणि काहीतरी विचारण्यासारखे नक्की असते. प्रश्न पाठवताना पंप किती लिटरचा आहे ते मात्र लिहा.